जॉन फॉक्स ऐकला नसेल, तर आजच ऐका

सध्या जो भेटेल त्याच्यापुढे मी एकच नाव घेतेय: जॉन फॉक्स. कुणाच्या गाडीत बसले की त्याच्या स्पीकरला माझा फोन जोडते, घरी पाहुणे आले की चहाबरोबर ‘अंडरपास’ लावते आणि पहिल्या मिनिटातच त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसते. ऐंशीच्या दशकातलं इंग्लिश सिंथपॉप मला कॉलेजपासून प्रिय. डिपेश मोड, ह्यूमन लीग, न्यू ऑर्डर ही सगळी मंडळी घरचीच. आणि आता कळतंय की या सगळ्यांच्या ऐन उमेदीच्या काळात, त्यांच्या शेजारीच, एक माणूस इतकं अफाट काम करून बसला होता, आणि आपल्याकडे त्याचं नाव कुणी घेत नाही! हे मी एकटीने कसं सहन करू? म्हणून हा लेख.

आधी ‘अंडरपास’बद्दलच सांगते, कारण मला वेड लावलं ते या गाण्याने. गाण्यात आहे तरी काय? रिदम मशीनचा कोरडा ठोका, त्याखाली छातीत घुमणारा घरघरता बास, वर व्हायोलिनच्या ताफ्याचा भास देणारा एक किबोर्ड, आणि या सगळ्याच्या मधोमध एक इंग्लिश आवाज. गिटार ऐकू येत नाही. ड्रमरही नाही. आवाज थंड आहे, सपाट आहे, पोलिसांत जबाब नोंदवावा तसा तो एकेक वाक्य टाकत जातो. आणि मग धृपदात तो नुसता गाण्याचं नाव उच्चारतो, लांब बोगद्यात हाक मारल्यासारखा. बस्स, एवढंच. पण त्या एका शब्दात सगळं शहर येतं: काँक्रीट, रात्र, पिवळे दिवे, एकेकाळी ओळखीच्या असलेल्या आणि आता न आठवणाऱ्या माणसांची गर्दी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर सरसरून काटा आला आणि गाणं संपताक्षणी पुन्हा पहिल्यापासून लावलं. अजूनही तेच करते.

मी या गाण्यापर्यंत पोचले ती उलट्या वाटेने. ‘अल्ट्रावॉक्स’ म्हटलं की सगळ्यांना ‘व्हिएन्ना’ आठवतं. मिज युरचा तो उंच, भरदार आवाज, तो व्हायोला, तो थाट. १९८१ च्या सुरुवातीला हे गाणं ब्रिटनच्या सर्वाधिक खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि अल्ट्रावॉक्स म्हणजे मिज युर हे समीकरण पक्कं झालं. पण हे गाणं ज्यात आहे तो ‘व्हिएन्ना’ हा या बँडचा चौथा अल्बम! मग आधीचे तीन कुणाचे? ते लावले आणि कानावर वेगळाच माणूस आला. तो जॉन फॉक्स.

त्याचं खरं नाव डेनिस ली. जन्म १९४८ चा, इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या चोर्ली गावचा. वडील कोळशाच्या खाणीत कामाला, आई कापडगिरणीत. लँकेशायर म्हणजे धुराड्यांचा आणि गिरण्यांचा मुलूख, आणि हा मुलगा तिथे चर्चच्या गायनवृंदात गायचा. चित्रकला शिकला, शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेला आणि तिथे १९७४ च्या सुमाराला त्याने बँड जमवला. १९७६ मध्ये त्या बँडचं नाव अल्ट्रावॉक्स झालं. सुरुवातीला नावापुढे उद्गारचिन्हही होतं, ‘नॉय!’ या जर्मन बँडला केलेला तो सलाम. गिरणी, खाण, चर्च आणि चित्रशाळा: या चार गोष्टी लक्षात ठेवा. त्याच्या संगीतात पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं या चारच गोष्टी फिरून फिरून भेटत राहतात.

पहिला अल्बम १९७७ च्या फेब्रुवारीत आला, ब्रायन ईनो आणि स्टीव्ह लिलीव्हाइट यांच्या मदतीने केलेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात दुसरा, ‘हा!-हा!-हा!’. लंडनमध्ये पंकची धुमाळी चालली होती आणि हा अल्बमही बराचसा त्याच जोशातला आहे, गिटारचा नुसता धुरळा. आणि मग शेवटचं गाणं लागतं, ‘हिरोशिमा मोनामूर’. अहो, काय घडतं तिथे! अचानक सगळा गोंगाट थांबतो. ड्रमर वॉरन कॅनने काठ्या बाजूला ठेवून रोलँडचं टीआर-७७ हे रिदम मशीन चालू केलंय. हे मशीन मुळात ऑर्गन वाजवणाऱ्यांना साथ मिळावी म्हणून बनवलेलं, त्यात रुंबा, वॉल्ट्झ असले तयार ताल भरलेले. हॉटेलातल्या संध्याकाळच्या करमणुकीचं ते यंत्र. त्याच्या टिकटिकीवर बँडमधल्याच बिली करीचे लांबवलेले सिंथसायझरचे स्वर तरंगतात, मध्येच सॅक्सोफोन येतो, आणि फॉक्स असा गातो की जणू सगळं होऊन गेलंय आणि हा उरलेला एकटा माणूस आठवणी चाळतोय. गाण्याचं नाव ॲलँ रेनेच्या १९५९ च्या चित्रपटाचं. पंकच्या ऐन भरात, त्याच अल्बममध्ये, पंकच्या पुढचा सगळा रस्ता या माणसांनी दाखवून ठेवला. १९७७ मध्ये!

तिसरा अल्बम, ‘सिस्टिम्स ऑफ रोमान्स’, १९७८ चा. त्यासाठी ही मंडळी जर्मनीत गेली, कोलोनजवळच्या एका जुन्या शेतघरात. तिथे कॉनी प्लँकचा स्टुडिओ होता. क्राफ्टवर्कचे सुरुवातीचे अल्बम आणि नॉय!चं संगीत ज्याच्या हाताखालून गेलं, तो हा प्लँक. इथे रॉबिन सायमनची गिटार आणि बिली करीचे सिंथसायझर एकमेकांत असे मिसळलेत की कुठलं वाद्य कुठे संपतं ते कळत नाही. ‘स्लो मोशन’ ऐका, ‘डिसलोकेशन’ ऐका, आणि शेवटचं ‘जस्ट फॉर अ मोमेंट’ ऐकताना दिवा मालवा. पुढच्या चार-पाच वर्षांत इंग्लंडचं पॉप संगीत कसं वाजणार आहे याचा सगळा आराखडा या एका अल्बममध्ये आहे.

आणि तो विकला गेला नाही. वर्षअखेरीला रेकॉर्ड कंपनीने करार संपवला. बँडने पदरमोड करून अमेरिकेचा दौरा केला आणि १९७९ च्या मार्चमध्ये फॉक्स बाहेर पडला.

आता इथून पुढे जे झालं ते वाचून मला अक्षरशः चुटपुट लागली. त्याच वर्षी उन्हाळ्यात गॅरी न्यूमन नावाचा कोवळा पोरगा ‘आर “फ्रेंड्स” इलेक्ट्रिक?’ घेऊन आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. चेहऱ्यावर भाव नाही, भोवती सिंथसायझर, शब्दांत एकाकी शहर. हा न्यूमन तेव्हापासून आजपर्यंत मोकळ्या मनाने सांगत आलाय की फॉक्सचं अल्ट्रावॉक्स आणि विशेषतः ‘सिस्टिम्स ऑफ रोमान्स’ हा त्याच्यावरचा सगळ्यात मोठा प्रभाव. त्या काळात बिली करी त्याच्याबरोबर वाजवतही होता. मग करी मिज युरला घेऊन अल्ट्रावॉक्समध्ये परतला, त्याच कॉनी प्लँकबरोबर ‘व्हिएन्ना’ झाला, आणि बँड जगभर पोचला. ज्याने पेरलं तो दोन्ही वेळा कापणीला शेतात नव्हता.

पण थांबा, हळहळत बसायला इथे सवडच नाही. कारण फॉक्स त्या वेळी काय करत होता? तो ‘मेटामॅटिक’ करत होता!

लंडनच्या इझलिंग्टन भागात पाथवे नावाचा एक स्टुडिओ होता. स्टुडिओ कसला, खुराडंच. आठ ट्रॅकचं मशीन, जेमतेम उभं राहायला जागा. एल्व्हिस कॉस्टेलोचा पहिला अल्बम आणि ‘द डॅम्ड’चं पहिलं गाणं इथलंच. तिथे फॉक्स आपली यंत्रं घेऊन शिरला. आर्प ओडिसी सिंथसायझर, एल्काचं तंतुवाद्यांचा आवाज काढणारं स्ट्रिंग मशीन आणि रोलँडचं सीआर-७८ रिदम मशीन. सोबतीला मोजके वादक आणि ध्वनिमुद्रणाला गॅरेथ जोन्स नावाचा तरुण इंजिनिअर. आता ही यादी नीट बघा, कारण त्या अल्बमचं रहस्य या यादीत आहे. आर्प ओडिसीवर एका वेळी जास्तीत जास्त दोन स्वर वाजतात. भरगच्च सुरावट हवी तर एल्काकडे जायचं. टेपवर जागा आठच ट्रॅकची. म्हणजे प्रत्येक आवाजाला आपली जागा कमवावी लागते, उगाच सजावटीला कुणी नाही. म्हणून ‘मेटामॅटिक’मध्ये प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो आणि दोन स्वरांमधली शांतताही ऐकू येते. सीआर-७८ हे तेव्हा अगदी नवं, स्वतःचा ताल भरता येईल असं यंत्र. त्याचा तो पातळ, पत्र्यावर नखाने वाजवल्यासारखा आवाज इथे संगतीला नसून थेट मुख्य भूमिकेत आहे. अल्बममधल्या एका गाण्याचं नावच ‘मेटल बीट’ आहे.

अल्बमचं नाव कुठून आलं तेही सांगायलाच हवं, कारण मी त्याच्यामुळे आणखी एका माणसाच्या प्रेमात पडलेय. ज्याँ तँगेली हा स्विस शिल्पकार. १९५० च्या दशकात त्याने चित्रं काढणारी यंत्रं बनवली: चाकं, पट्टे, मोटार, आणि टोकाला कागदावर थरथरत फिरणारं पेन. या यंत्रांचं नाव ‘मेटा-मॅटिक’. यंत्र वेडीवाकडी रेघ ओढतं आणि बघणाऱ्याला तिच्यात हात दिसतो, मन दिसतं. फॉक्सने संगीतात नेमकं हेच केलं. तो यंत्राला माणसासारखं वाजवायला लावत नाही. यंत्राला यंत्रच राहू देतो आणि मग त्याच्यासमोर एका माणसाला उभं करतो. ‘ही’ज अ लिक्विड’मधला माणूस विरघळतोय. ‘नो-वन ड्रायव्हिंग’मधल्या गाड्या चालकाविना पळतायत. ‘प्लाझा’त कुणी कुणाशी बोलत नाही. कादंबरीकार जे. जी. बॅलर्डचा प्रभाव तो उघडपणे सांगतो आणि बॅलर्डचे ते फ्लायओव्हर, ती वाहनतळं, त्या काचेच्या इमारती सगळ्या अल्बमभर उभ्या आहेत. मुखपृष्ठावर सूट घातलेला फॉक्स उजेडाच्या एका चौकोनाला हात लावून उभा आहे. १९८० सालचं हे चित्र. आज आपण सगळे दिवसभर हेच करतोय!

‘मेटामॅटिक’ जानेवारी १९८० मध्ये आला. त्याच वर्षी आपल्याकडे ‘कुर्बानी’ आला आणि ‘आप जैसा कोई’ने देश नाचवला, म्हणजे काळाचा अंदाज येईल. अल्बम ब्रिटनच्या यादीत १८ व्या क्रमांकापर्यंत गेला, ‘अंडरपास’ ३१ व्या आणि ‘नो-वन ड्रायव्हिंग’ ३२ व्या. म्हणजे लोकांनी तेव्हा ऐकलं होतं. पण तिसाव्या क्रमांकाची गाणी पुढे रेडिओवरच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात वाजत नाहीत, आणि तिथे वाजली नाहीत की पुढच्या पिढीपर्यंत पोचत नाहीत. विस्मरणाचं कारण इतकं साधं आहे. शिवाय हा माणूस एका जागी बसायला तयार नाही. ‘मेटामॅटिक’ची गाडी जोरात असताना त्याने गीअर बदलला आणि १९८१ मध्ये ‘द गार्डन’ केला, ज्यात उघडी हवा आहे, हिरवळ आहे, गिटार परत आलीय. त्यातलं ‘युरोप आफ्टर द रेन’ हे मॅक्स अर्न्स्टच्या चित्राचं नाव घेतलेलं गाणं म्हणजे पाऊस थांबल्यावर मिळणारा मोकळा श्वास. आणि ‘पाटेर नोस्टेर’! चर्चमधली लॅटिन प्रार्थना, इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर! चोर्लीच्या गायनवृंदातला तो मुलगा इथे अगदी समोर येऊन उभा राहतो.

१९८२ मध्ये त्याने लंडनच्या शोरडिचमध्ये ‘द गार्डन’ याच नावाने स्वतःचा स्टुडिओ उभारला. पुढच्या वर्षी तिथे कोण आलं ठाऊक आहे? डिपेश मोड! त्यांचा ‘कन्स्ट्रक्शन टाइम अगेन’ तिथे झाला, आणि ध्वनिमुद्रणाला होता तोच गॅरेथ जोन्स, पाथवेच्या खुराड्यातला. हे वाचलं तेव्हा मी उठून घरभर फिरले. ज्या बँडवर मी अर्धं आयुष्य जीव टाकला, त्याच्या आवाजाची एक वाट थेट या माणसाच्या दारातून गेली होती.

मग १९८५ च्या अल्बमनंतर फॉक्सने संगीत बाजूला ठेवलं आणि पुन्हा डेनिस ली होऊन तो पुस्तकांची मुखपृष्ठं करू लागला. जेनेट विंटरसनच्या ‘सेक्सिंग द चेरी’चं मुखपृष्ठ त्याचं. अँथनी बर्जेसच्या ‘अ डेड मॅन इन डेप्टफर्ड’चं त्याचं. आणि सलमान रश्दींच्या ‘द मूर्स लास्ट साय’चंही त्याचंच! ती तर आपल्या मुंबईची कादंबरी, कोचीनच्या मसाल्यांपासून मलबार हिलपर्यंत पसरलेली. ज्यांनी ज्यांनी ते पुस्तक हातात घेऊन मुखपृष्ठ निरखलं, त्यांच्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल की हे ‘अंडरपास’ गाणाऱ्याचं काम आहे?

तो परतला नव्वदच्या दशकात, आणि दोन वेगळ्या दारांतून. १९९७ मध्ये लुई गॉर्डनबरोबर केलेला ‘शिफ्टिंग सिटी’ आला, पुन्हा ती धडधडती यंत्रं. आणि त्याच वर्षी ‘कॅथीड्रल ओशन्स’, ज्यात मुख्यतः मानवी आवाज आणि प्रतिध्वनी, एकावर एक थर चढत जाणारे, दगडी घुमटाखाली उभं राहून ऐकावेत असे. २००३ मध्ये पियानोवादक हॅरॉल्ड बडबरोबरचे अल्बम. २०११ मध्ये, साठी ओलांडल्यावर, जुन्या ॲनालॉग सिंथसायझरांचा मोठा संग्रह बाळगणाऱ्या बेंजला जोडीला घेऊन ‘इंटरप्ले’. त्यातलं ‘एव्हरग्रीन’ ऐकून मला रडू आलं, हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. २०१५ मध्ये ‘लंडन ओव्हरग्रोन’: वेलींनी, झाडांनी गिळलेल्या लंडनची कल्पना, शब्दांविना. करड्या सूटमधला एक अबोल माणूस ओसाड लंडनमधून चालतोय, ही गोष्ट तो सत्तरच्या दशकापासून लिहीत आलाय. १९७८ च्या ‘क्वायट मेन’ गाण्यात तो माणूस होता, आणि तोच अजून चालतोय.

इतकं सगळं ऐकल्यावर माझं ठाम मत झालंय आणि ते मी कुणाशीही वाद घालून मांडायला तयार आहे. सिंथपॉपमधल्या बहुतेकांनी यंत्रातून झगमगाट काढला आणि तो मला आजही आवडतो. फॉक्सने यंत्राजवळ राहणाऱ्या माणसाचं काय होतं ते गायलं. गिरणी आणि खाण ज्याच्या घरात होती त्यालाच हे सुचू शकतं. त्याच्या आईबापांचं आयुष्य यंत्राच्या तालावर गेलं. त्याने त्या तालावर चर्चमधला सूर ठेवला. म्हणून हे संगीत जुनं होत नाही. आपली शहरं आज त्याच्या गाण्यांसारखी झालीयत आणि गाणी मात्र ४५ वर्षांपूर्वी तयार होती.

आता तुमचं काम. सगळं एकदम लावू नका. आधी ‘अंडरपास’, हेडफोन लावून, जमलं तर रात्री. मग ‘हिरोशिमा मोनामूर’. ती दोन गाणी मनात बसली की ‘मेटामॅटिक’ पहिल्या गाण्यापासून दहाव्यापर्यंत, मध्ये न थांबता. त्यानंतर ‘सिस्टिम्स ऑफ रोमान्स’ आणि ‘द गार्डन’, आणि मन थकलेलं असेल त्या दिवशी ‘कॅथीड्रल ओशन्स’. हे सगळं आज फोनवर सहज मिळतं, पैसेही फारसे लागत नाहीत. घरात कुणी म्हणालंच की यंत्राच्या गाण्यात जीव नसतो, तर वाद घालू नका, त्याच्या कानात ‘जस्ट फॉर अ मोमेंट’ लावा. आणि ऐकून झाल्यावर आणखी एकाला तरी सांगा, कारण इतक्या मोठ्या संगीतकाराला इतके थोडे श्रोते असणं बरोबर नाही.